गायकवाड काकांचा कान

"तिसरा कामचुकार आहे. बाकीचे तिघं मुकाट राबतायत बघ."

खिडकीखालून हे ऐकून आईला वाटलं, कुणाच्या तरी मुलांविषयी चाललंय. चाललं होतं ते इंजिनाच्या चार सिलिंडरांविषयी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर आणि डोळे मिटलेले, असे गायकवाड काका उभे असले की हाक मारायची नाही, हे अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

काकू गेल्यापासून काका तळमजल्यावर एकटेच राहायचे. आनंदनगरच्या कारखान्यात लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर उमेदीची वर्षं काढून ते आवारात गाड्या दुरुस्त करायला लागले होते. उल्हासनगरहून गाड्या यायच्या, त्या त्यांच्या कानासाठी. "पार्ट कुणीही बदलतो," ते म्हणायचे, "आधी तिला विचारायचं, काय दुखतंय." मग प्लगच्या वायरी एकेक करून काढायचे. वायर काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच चोर.

मी मुळात हळू बोलणारी. "कॉन्व्हेंटात दप्तराबरोबर आवाजही ठेवून येतेस का गं?" काका विचारायचे. मी ओशाळायचे. मग एका दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि काका दारातच शांतपणे कार्बोरेटर पुसत बसलेले दिसले. मी आत जाऊन गॅस बंद केला. तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं, की काका समोरच्याच्या ओठांकडे बघतात. इंजिनाची थरथर त्यांना हाडातून कळायची. बारीक आवाज मात्र कधीच गेले होते.

अशात उल्हासनगरच्या मनोहरशेठ या सिंधी व्यापाऱ्याची गाडी आली. शेठनं जुन्या गाडीला भंगारातला टर्बो बसवून घेतला होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं ते यंत्र. काकांच्या भाषेत, "आग्रहाचं जेवण". सपाटीवर गाडी बरी चालायची. पत्रीपुलाचा चढ आला की खोकायची आणि ताकद गुल. तीन दिवस झाले. प्लग बदलले, कॉइल बदलली. वायरी काढून बघितल्या, तर चौघंही कामाचे.

"गायकवाडसाब, पूरा मार्केट बोलता था, आपका कान है," शेठ म्हणाला. "अब क्या हुआ? मी कल्याणला दाखवतो, साईं."

"एकदा रेस द्या," काका म्हणाले.

शेठ काचा लावून आत बसला. त्यानं रेस वाढवली, तसा मला आवाज आला. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगानं बारीक, सापासारखा. कोंबलेली हवा इंजिनात पोचण्याआधीच निसटत होती. काका त्याच पाइपावर वाकलेले होते आणि त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि हात पुसायला घेतले. अर्धवट कामावर हात पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी वर पळाले आणि मगभर साबणाचं पाणी करून आणलं. शेठ उतरून बॉनेट लावायच्या बेतात होता. काकांना माझे ओठ दिसतील आणि शेठला नीट ऐकू जाईल, अशी मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"काका, हे घ्या साबणाचं पाणी. या पाइपाखालून हवा सुटतेय, फेस लावून शेठना दाखवू या, असं मगाशी तुम्हीच म्हणालात ना?"