चोपन्न पायऱ्या

भालेरावकाका आणि काकू सोमवारी सकाळी आठला तिसऱ्या मजल्यावरून निघाले आणि बुधवारी सव्वानऊला तळमजल्यावर पोहोचले. क्रांती चौकामागच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या चोपन्न.

काका बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कुणी गावाला निघालं की ते विचारतात, "जाणार कुठं ते नका सांगू. उतरणार कुठं?" घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाही त्यांनी हे विचारलं आहे. उर्दू जाणणाऱ्या एका सहकाऱ्याने त्यांना 'मंजिल' शब्दाचा अर्थ सांगितला, तेव्हापासून भेटेल त्याला ते तो ऐकवतात. शब्द मूळ अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. अर्थ उतरण्याची जागा. संध्याकाळी काफिला ओझी खाली ठेवतो ती. मराठीत त्याची मजल झाली, म्हणजे एका दिवसाची वाट. घराचा मजलाही तिथलाच. "लोकं मंजिल म्हंजे शेवट समजतात," काका म्हणतात. "लई चूक. ती रोज येती."

अर्धांगवायूनंतर काकू दोन वर्षं खाली उतरल्या नव्हत्या. पिशोरला त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. त्याला एकदा बघायचं, एवढंच त्यांचं मागणं. खुर्चीत बसवून पाच मिनिटांत खाली नेतो, असं इमारतीतले आम्ही चौघे म्हणालो. काकांनी नकार दिला. रोज एक मजला, मग मुक्काम. पहिला दुसऱ्या मजल्यावर कुलकर्ण्यांकडे, दुसरा पहिल्या मजल्यावर आमच्याकडे.

"काका, भाऊ तोवर थांबेल का?" कुलकर्ण्यांनी विचारलं.

"थांबल. फोन केलाय मी."

मंगळवारी अठरा पायऱ्यांना चाळीस मिनिटं लागली. काकू कठडा धरून उतरत होत्या. काका त्यांच्याकडे तोंड करून एक पायरी खाली, उलटे. हात पुढे, पण लावलेला नाही.

काका औषध आणायला वर घरी गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, खुर्ची का नको.

"दवाखान्यातून आणलं तवा खुर्चीतच वर आणलं मला. सामानावानी. पदरात तोंड घालून रडले," त्या म्हणाल्या. "ह्यांनी तवाच सांगितलं, खाली जाशील तर तुझ्या पायानं जाशील."

काका परतले. त्या दिवशी त्यांनी मंजिलीचा विषय काढला नाही.

बुधवारी काकू फाटकाबाहेरच्या जीपमध्ये स्वतः चढल्या. पावणेबाराला पिशोरहून काकांचा फोन आला. भाऊ शुद्धीवर होता. जीपपासून त्याच्या खाटेपर्यंत काकू चालत गेल्या. त्याने त्यांना नावाने हाक मारली.