नेजकर मास्तर आणि बिघडणारी ज्योत

सत्यनारायणाला गेलेला माणूस कथा ऐकतो, प्रसाद घेतो आणि घरी जातो. नेजकर मास्तर उदबत्तीशेजारी जमिनीवर आडवे होत. कोटाच्या खिशातून फूटपट्टी काढून उदबत्तीच्या बाजूला उभी धरत आणि एक डोळा मिटून धुराकडे बघत राहत. पोथी वाचणारे भटजी अडखळत, यजमान कानकोंडे होत, बायका तोंडाला पदर लावत. मास्तरांना त्याचं काही नसे. जरा वेळानं ते खुशीत येऊन म्हणत, "इथं बिघडली बघा."

बिघडली म्हणजे धुराची रेघ. ती निघते तेव्हा सुतासारखी सरळ असते. वीतभर वर गेली की अचानक तिला वेटोळी पडतात आणि सगळा गुंता होतो. हे तुम्ही आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण ती नेमकी तिथंच का बिघडते, या प्रश्नानं झोप उडालेला माणूस मी बेळगावात एकच पाहिला.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, ते सायन्स. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मास्तर मूळचे निपाणीचे. घरची तंबाखूची वखार भावांच्या हवाली करून ते बी.एस्सी. झाले आणि शहापुरात विणकरांच्या गल्लीत बिऱ्हाड करून राहिले. स्वतः विडीला शिवत नसत, पण दुसऱ्यानं ओढलेली मन लावून बघत. निपाणीच्या मोटारीत विडीवाल्याच्या समोरची जागा पकडायची आणि त्याला म्हणायचं, "पावनं, जरा हळू सोडा की. आता जोरात सोडा." चिकोडीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं त्यापायी विडी विझवून टाकली आणि संकेश्वर येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसला.

पोरं त्यांना धूरमास्तर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

एकदा स्टोव्ह भडकून त्यांची डावी मिशी गेली. उजवी त्यांनी तशीच ठेवली. हेडमास्तरांनी खोलीत बोलावून विचारलं, तेव्हा म्हणाले, "डावी किती वाढली ते ताडून बघायला उजवी नगं व्हय, सर?" महिनाभर ते अर्ध्या मिशीनं सायन्सचे तास घेत होते.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती चित्रांमुळं. एके दिवशी त्यांनी मला दंडाला धरून सायन्सच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं होतं. एका फळीला भोक पाडलं होतं आणि त्यातून उन्हाची एक तिरीप समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडली होती. तिरिपीच्या वाटेत त्यांनी मेणबत्ती पेटवून ठेवली.

"भिंतीकडं बघा. ज्योतीकडं नगं."

भिंतीवर मेणबत्तीची सावली होती, आणि तिच्या डोक्यावर आणखी काहीतरी होतं. पाण्यासारखं, हलतं, वर वर चढत जाणारं. तापलेल्या हवेची सावली पडते हे मला तोवर माहीत नव्हतं. तीही सरळ जात होती आणि वर जाऊन बिघडत होती. मग मास्तरांनी तिरिपीत माझा तळहात धरला. डोळे ताणून पाहिलं तर बोटांच्या टोकांवरूनही पुसट काहीतरी वर चाललं होतं.

"काढा की," मास्तर म्हणाले आणि हातात कोळसा दिला.

त्या दिवसापासून शाळा सुटली की मी भिंतीवर हवा काढू लागलो. मास्तर ज्योत लावत, मी काढत असे. मेणबत्तीवरून आम्ही स्टोव्हवर आलो. त्यांनी एका स्टोव्हची टोपी काढून तांबटाकडून करून घेतलेली बारीक नळी तिथं बसवली होती. पंप मारला की नळीतून सरळ, लांब, मुकी ज्योत उठायची. आणखी पंप मारला की ती आणखी लांब व्हायची. आणि मग एका क्षणी तिचं टोक थरथरायचं, ती फुरफुरायला लागायची आणि वाढायची सोडून चक्क आखूड व्हायची. घातलं जास्त आणि झाली कमी. मास्तर कान पुढं करून म्हणायचे, "बिघडली. ऐकलं न्हवं? बिघडली की बोलती बघा."

हे पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावाचून त्यांना चैन पडेना. नळी बदलायची, पंप बदलायचा, पुन्हा काढायचं. भिंत काळी झाली की चुना मारायचा. चुन्याचं बिल बघून हेडमास्तरांनी, असले उद्योग बंद करा, असं दोनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा बजावण्याच्या बेतात असतानाच पुण्याच्या एका कॉलेजातले प्रोफेसर शाळा बघायला आले.

मास्तरांना भिंत दाखवायचीच होती. हेडमास्तरांना ती खोलीच दाखवायची नव्हती. त्यांनी प्रोफेसरांना लायब्ररी, बाग, पिण्याच्या पाण्याची टाकी असं सगळं दाखवलं. सायन्सच्या खोलीकडं जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी मास्तर अर्धा तास उभे होते. शेवटी तेच पुढं झाले. "साहेब, ऊन हाय तोवर याल का?"

प्रोफेसर आले, मागून हेडमास्तरही आले. दार लागलं, मास्तरांनी स्टोव्ह पेटवला आणि ढग आला. भिंत विझल्यासारखी झाली. हेडमास्तर खाकरले. प्रोफेसरांनी घड्याळ काढलं. मास्तर पंपावर हात ठेवून फळीच्या भोकाकडं असे बघत होते की मला त्यांच्याकडं बघवेना. मी बाहेर जाऊन आभाळ बघून आलो आणि म्हटलं, "सरकतोय."

ढग सरकला. तिरीप भिंतीवर आदळली आणि सगळी भिंत हलायला लागली.

"साहेब, आता मी जोर वाढवतो. ज्योत वाढंल का कमी हुईल?"

प्रोफेसर हसून म्हणाले, "वाढायला हवी. पण तुम्ही विचारताय म्हणजे काहीतरी गोम आहे."

मास्तरांनी पंप मारला. ज्योत चढली, आणखी चढली, थरथरली, फुरफुरली आणि बसली. भिंतीवर वेटोळ्यांचा नुसता दंगा उसळला. प्रोफेसर खुर्चीवरून उठून भिंतीपाशी गेले. म्हणाले, "पुन्हा करा." मग कोट काढून ठेवला आणि म्हणाले, "आता मी मारतो पंप." ते दोघं मोठे पुरुष शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून पोरांसारखे स्टोव्हला पंप मारत होते, आणि मी इतक्या झपाट्यानं काढत होतो की कोळशाचे तुकडे पडत होते. हेडमास्तरही हळूहळू पुढं सरकले होते. मध्येच म्हणाले, "आत्ता बिघडली."

बाहेर आल्यावर प्रोफेसरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आमच्या प्रयोगशाळेत जागा आहे. नेजकर, तुम्ही पुण्याला या. पगाराचं मी बघतो."

मास्तरांनी कपाळ पुसलं. "लई उपकार झाले, साहेब. पण जमायचं न्हाय," एवढं बोलले, आणि मधली सुट्टी झाली तशी टोपी घालून घरी चालते झाले.

हेडमास्तर मला म्हणाले, "जा, समजावा त्यांना. चुना मी देतो म्हणावं, पण पुण्याला जा म्हणावं." त्यांना नक्की काय हवं होतं ते त्यांनाही कळत नसावं.

मास्तरांचं घर शाळेच्या मागेच होतं, पण मी कधी आत गेलो नव्हतो. ते कुणालाच बोलावत नसत. गल्लीत मागांचा खटखटाट चालला होता. दार उघडं होतं. आत डोकावलो.

गंगाक्का, त्यांची बायको, ओट्यापाशी उभी राहून भाकरी करत होती. लग्नानंतर दोन-चार वर्षांत तापात तिचे डोळे गेले, हे मी ऐकून होतो. समोर स्टोव्ह होता. ती मान कलती करून ऐकायची, ज्योत फुरफुरली की हवेची चावी जराशी सोडायची, फुरफुर थांबली की तळहात वर धरून ऊब अजमावायची आणि भाकरी उलटायची. एकदाही तिचा हात चुकला नाही.

तिच्या मागं दोन हात अंतर ठेवून नेजकर मास्तर उभे होते. हातात ओलं पोतं होतं. त्यातून पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं. जोडे बाहेर काढलेले, श्वासदेखील जपून चाललेला. तिच्या पदराचं टोक जरा ज्योतीकडं झुकलं की ते पोतं छातीपर्यंत उचलत आणि पदर सावरला की खाली घेत. मला पाहिल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

शेवटची भाकरी झाली. गंगाक्कानं स्टोव्ह विझवला. मास्तर चवड्यांवर चालत मागच्या दारानं परसात गेले.

"कोण आलंय?" तिनं विचारलं.

"मी. शाळेतला ड्रॉइंगमास्तर."

"बसा की. त्यास्नी पुण्याला बोलवलंय म्हणं. गल्लीत आरडत आली पोरं."

"हो. पण जमणार नाही म्हणाले."

"न्हाईच म्हणणार." तिनं भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या. "पुण्यात दुपारचं घरला यायला मिळायचं न्हाय न्हवं. रोज मागं येऊन हुबं ऱ्हातात. ओल्या पोत्याचा वास येतो मला."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"कशाला? मला कळत न्हाय असं वाटतं त्यास्नी. वाटू दे."

तेवढ्यात पुढच्या अंगाला जोडे वाजले. मास्तर परसातून घराला वळसा घालून आले होते. दारात थांबून मोठ्यानं खाकरले आणि म्हणाले, "आलो गं."

"आलासा व्हय?" गंगाक्का म्हणाली. "पाय पुसून या. पाट मांडलाय."