वल्ह्यासाठी एक भोक

एका रविवारी सिंगापूरच्या हौगांगमधल्या आमच्या शेजाऱ्यांचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो, तर दामले हॉलमध्ये उताणे. डोक्यामागे फ्रिजचा खोका, खोक्याला भोक, भोकात झाडूचा दांडा. ते तो माशाच्या शेपटीसारखा हलवत होते. डाव्या हाताने.

"बदकांच्या शिकारीची होडी करतोय," ते म्हणाले.

हा माणूस झुरळालाही पेपरवर घेऊन खाली सोडून येतो! झटका आल्यापासून सुलभावहिनी फारशा बाहेर पडत नाहीत. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "पोहता येत नाही, आणि होडी म्हणे!" आमच्या मुलीने सिंगापुरी ढंगात सुचवलं, "अंकल, रोस्ट डक हॉकरच्या स्टॉलवर मिळतं, लाह!"

होडी जुन्या पद्धतीची, लाकडी. शिकारी तिच्यात आडवा होतो, म्हणजे बदकांना दिसत नाही. मागच्या फळीतल्या भोकातून एकच वल्हं एका हाताने हलवत पुढे सरकतो. पुलाउ उबीन बेटावर ओळखीच्या एका शेडमध्ये ती केव्हाच तयार झाली होती. अडलं होतं भोक. खाली पडलं तर पाणी आत, वर पडलं तर खांदा भरून येणार. "भोक एकदाच पडतं, साहेब!" हे त्यांचं पालुपद भाजीवालीलाही पाठ झालं होतं.

मी अकाउंटंट. मला राहवेना. एकदा त्या शेडमध्ये जाऊन फळी मोजून मध्यापासून चार इंचांवर पेन्सिलने फुली मारून दिली. "तुम्ही उजवे. भोक उजवीकडे."

"बघू, हिशेबनीस," म्हणाले, आणि घरी पुन्हा डाव्या हातात झाडू.

गेल्या शनिवारी वहिनींनाही घेऊन आम्ही बमबोटने, म्हणजे छोट्या फेरीबोटीने, उबीनला गेलो. दामल्यांनी ड्रिल टेकवलं ते डावीकडे.

"अहो, चुकताय!" मी ओरडेपर्यंत भोक पडलं होतं.

होडी उथळ पाण्यात ढकलून त्यांनी वल्हं बसवलं आणि हाक मारली, "ये गं."

काठी टेकत वहिनी आल्या. कॉलेजात त्यांनी होड्यांच्या शर्यती जिंकल्या होत्या. आता, त्या झटक्यानंतर, उजवा हात उचलला जात नाही. आम्ही दोघांनी त्यांना आत निजवलं. डावा हात वर गेला तो थेट वल्ह्यावर.

"लांब पडतंय का गं?" दामल्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

वहिनींनी वल्हं दोनदा हलवून पाहिलं.

"तुम्ही पुढे बसा," त्या म्हणाल्या. "आणि लाइफ जॅकेट नीट बांधा. उगाच वाकून बदकं बघू नका."

होडी सरकली. मागच्या फळीवर, उजवीकडे, माझी फुली बराच वेळ दिसत राहिली.