कोणाची डबी कोणाची

मोहने गावातल्या काळुरामच्या पोटात सकाळी कळ उठली आणि त्याने लगेच आरोपी जाहीर केला. उल्हास नदीकाठच्या त्याच्या भाजीच्या वाडीत आठवडाभर एक कोल्हा येत होता.

“मना जंत झाले ते त्याच कोल्ह्याचे!”

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं होतं प्राणिशास्त्र शिकणाऱ्या त्याच्या मुलीने, कृतिकाने. कोल्ह्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत पडतात, तिथून माणसाच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून मुळा धुऊन खा, असं तिने दहादा सांगितलं होतं. काळुरामने मुळा लुंगीला पुसून खाणं सोडलं नाही. कोल्हा तेवढा लक्षात ठेवला.

दुपारपर्यंत त्याने अख्ख्या मोहन्यात बोंब ठोकली. शेजारच्या देवरामने कोल्ह्याला पळवायला वाडीत फटाके लावले. पळाली देवरामचीच शेळी. शेवटी वनखात्याला फोन गेला. पलीकडचे साहेब म्हणाले, “पुरावा आहे का?”

“देतो ना! पोरगी कॉलेजात तपासंल.”

कृतिकाने दोन डब्या तयार केल्या. एकीत वाडीतली कोल्ह्याची विष्ठा, दुसरीत वडिलांची. वर पेनाने नावं लिहून तिने त्या पडवीत ठेवल्या. असलं काही घरात आलंय म्हटल्यावर तिच्या आईने, बायजाने, दोन्हींवर बादलीभर पाणी ओतलं. नावं वाहून गेली.

“आई! आता कुठली कोणाची?”

“मना काय माहीत? दोनी सारख्याच दिसतान.”

दुसऱ्या दिवशी कृतिका तपासणी करून आली तेव्हा पडवीत देवरामसकट अर्धी आळी बसली होती.

“एका डबीत जंतांची अंडीच अंडी,” ती म्हणाली. “दुसरी एकदम साफ.”

काळुराम ताठ झाला. “साफ ती माझी, जंतवाली कोल्ह्याची! लाव साहेबाला फोन.”

“पप्पा, साफ डबीत उंदराचे केस सापडलेत. बारीक हाडं पण. आणि खेकड्याची कवचं.”

देवरामने आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.

काळुरामपुढे पेच पडला. उंदीर खाल्ल्याचं कबूल करायचं, की अख्ख्या आळीसमोर कोल्ह्याला निर्दोष सोडायचं?

“साफ ती माझीच,” तो शेवटी म्हणाला. “परवा देवरामच्या पोराच्या हळदीला जेवलेलो. मटनाची हाडं जरा बारीकच होती.”