अमरावतीची धूमकेतू शोधक मंडळी

आकाशात जे काही घडते ते पृथ्वीवरच्या एखाद्या विशिष्ट माणसासाठीच घडते, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. वाद आहे तो फक्त तो माणूस कोण, एवढ्यावरच.

अकोल्याच्या भगवंतशास्त्र्यांचा या सिद्धांतावर पूर्ण विश्वास होता. १८६१च्या आषाढात लांबलचक शेपटीचा धूमकेतू दिसला, तेव्हा वऱ्हाडावर घोर अरिष्ट येणार असे त्यांनी जाहीर केले. झाले उलटेच. दूर अमेरिकेत आपसांत जुंपलेली लढाई भडकली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. (बैलांचे मत घेतल्याची नोंद नाही.)

भविष्य खोटे ठरले म्हणून शास्त्री तोंड लपवून बसले होते. तोच अमरावतीचे बडे कापूसवाले खुशालराव छकडा जोडून दारात हजर झाले.

"शास्त्रीबुवा, अरिष्ट तं आलंच," ते म्हणाले. "फक्त दुसऱ्याच्या घरी गेलं. तुमी आमाले असाच आणखी एक धुंडून द्या."

अशा रीतीने अमरावतीस धूमकेतू शोधक मंडळी स्थापन झाली. खुशालरावांच्या माडीवर मुंबईची पितळी दुर्बीण बसली. मंडळींचे उद्दिष्ट स्पष्ट होते: धूमकेतू शेपटीचा असावा, त्याने परमुलखात लढाई लावावी, ती लांबावी, आणि तीत ओळखीचे कोणी मरू नये. (शेवटचे कलम दयाबुद्धीने घातले होते.)

शास्त्री दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि बिघडले. गुरूभोवती फिरणारे चंद्र दिसले, ते कोणाच्याच पत्रिकेत बसेनात. मग उत्तरा भाद्रपदेच्या वरच्या अंगाला एक धुरकट डाग सापडला. मंडळींनी पेढे मागवले. पण डाग जागचा हलेना, म्हणजे धूमकेतू नव्हे.

"बोंड फुटल्यावानी दिसून राहिलं," खुशालराव पाहून म्हणाले. "शेपूट कुठं हाय?"

"शेपूट नाही."

"मंग काय कामाचं?"

शास्त्र्यांना मात्र त्या डागाचे वेड लागले. तो काय असेल, किती लांब असेल, या विचारात ते भरल्या ताटावरून उठू लागले. दुर्बीण हातची जाऊ नये म्हणून ते मंडळींना सांगत राहिले, "धूमकेतू वाटेत आहे." हे सांगताना आधी जीभ अडखळायची. पुढे सरावली.

१८६५च्या उन्हाळ्यात बातमी आली, लढाई संपली. भाव कोसळला. मंडळी माडीवर जमली.

"लढाई काहून थांबली?" खुशालरावांनी विचारले.

वक्री शनीचे उत्तर शास्त्र्यांच्या ओठांवर तयार होते. त्यांनी एकदा दुर्बिणीकडे पाहिले.

"खुशालराव, इतकी वर्षं मी वर पाहतो आहे," ते म्हणाले. "तिथं कापसाचं कोणाला काही ठाऊक नाही. आपलंही नाही."

एवढे थोरले खुशालराव, पण चेहरा पोरक्या लेकरासारखा झाला.

"शास्त्रीबुवा, वाईट सांगा, आमी शांती करू. खोटं सांगा, आमी दक्षिणा देऊ. पण वरतून आपल्याकडं कोणी पाहूनच नाही राहिलं, हे माणसानं कसं ऐकून घ्यावं?"

शास्त्र्यांच्या हाती नारळ पडला. त्यांच्या जागी आलेल्या जोशीबुवांनी पहिल्याच बैठकीत नव्या लढाईची हमी दिली. दुर्बीण त्यांना लागत नसे.

त्या कार्तिकात एका संध्याकाळी शास्त्र्यांनी अकोल्याच्या अंगणात उभे राहून बायकोला, गंगूबाईंना, तो डाग नुसत्या डोळ्यांनी दाखवला.

"कशासाठी आहे तो?" बाईंनी विचारले.

"कशासाठीच नाही."

बाई पाहत राहिल्या. "बरं आहे त्याचं," म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

जोशीबुवांची हमी मात्र आजवर खरी ठरत आली आहे. मंडळी पुढे बंद पडली, कारण तिचे काम घरोघर होऊ लागले. कुठे लढाई पेटल्याचे सकाळी वाचून जो आधी सोन्याचा भाव पाहतो, त्या प्रत्येक वाचकास मंडळींचा आजीव सभासद समजण्यात यावे. (वर्गणी माफ आहे.)