मिरजगावची बाबिलोनी परीक्षा

१९४३ सालच्या मार्च महिन्यात मिरजगावच्या मराठी शाळेला वरून हुकूम आला, की लढाईमुळे कागदाची टंचाई असल्याने चौथीच्या वार्षिक परीक्षेला कागद मिळणार नाही. परीक्षा मात्र लेखीच घ्यावी. पाटीवर घेऊ नये, कारण पाटी पुसता येते आणि पुसता येणारी गोष्ट दफ्तरी ठेवता येत नाही. मग कशावर घ्यावी, याबद्दल हुकुमात काही नव्हते. हुकूम चांगल्या जाड कागदावर होता आणि त्याच्या तीन प्रती आल्या होत्या.

नूरमहंमद मास्तरांचे केस पोरांना शिकवता शिकवता पांढरे झाले होते. हुकूम आला तेव्हा ते नेमके चौथीला बाबिलोन शिकवत होते. दोन नद्यांमधला तो मुलूख, तिथे दगड कमी आणि चिखल मुबलक, म्हणून त्या लोकांनी चिखलाच्याच वड्या थापल्या आणि त्यांच्यावर बोरूने टोचून हिशेब, पत्रे, ग्रहताऱ्यांच्या नोंदी लिहिल्या. आपल्या तासाची साठ मिनिटे त्यांच्याच मोजणीतून आली. त्यांच्या एका राजाने तर सगळे कायदे दगडावर कोरून लोकांसमोर उभे केले.

“मास्तर,” पहिल्या रांगेतून खातूनने विचारले, “ज्याला वाचताच येत न्हाई, त्यानं काय करायचं?”

“दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं.”

“आन् त्यो दुसरा खोटं बोलला तर?”

मास्तर हसले. असा प्रश्न आला की त्यांना आठवडाभर जेवण गोड लागे. “म्हणून तर तुला शिकवतोय,” ते म्हणाले.

खातून ही गनीभाई पिंजाऱ्याची मुलगी. गनीभाई कापूस पिंजून गाद्या-दुलया शिवत. मुलीला पुढे कर्जतच्या शाळेत घालावे म्हणून मास्तरांनी त्यांचा उंबरा झिजवला होता. शेवटी गनीभाई कबूल झाले, पण एका अटीवर. “शाळा उघडायच्या आत पास झाल्याचा निकाल हातात द्या, मी सोता तिला तिच्या फुफीकडं, माज्या भनीकडं, कर्जतला पोचवतो. न्हाईतर मास्तर, टाके घालायला मलाबी मानूस पायजेच हाय.”

तेव्हा परीक्षा होणे भाग होते. मास्तरांनी सूर्यभान कुंभाराकडून मळलेली माती आणली, पोरांनी वड्या थापल्या आणि बोरूने उत्तरे लिहिली. मास्तरांनी सगळ्या वड्या वाचल्या. खातूनची पहिल्या नंबरची होती. पण गुण देण्याचा अधिकार कर्जतच्या तपासनीस साहेबांचा. म्हणून वड्या कडब्यात बसवून बैलगाडीने कर्जतला रवाना केल्या.

तपासनीस काकासाहेबांना आनंदाचे भरते आले. कर्जत तालुक्यात बाबिलोनची प्राचीन संस्कृती आपण अवतरवली, असा अहवाल त्यांनी त्याच दिवशी वर धाडला. नगरहून पाहुणे येऊ लागले. वड्या हातात घेऊन त्या जड आहेत असे म्हणत, चहा पीत, आणि आपल्याकडे असे लोक का झाले नाहीत याची खंत करीत परत जात. अक्षर सुरेख आहे यावर सगळ्यांचे एकमत होते. ते अक्षर मराठी आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

एप्रिल उजाडला तरी निकाल नाही, म्हणून मास्तर कर्जतला गेले. काकासाहेबांनी त्यांना प्रेमाने बसवून घेतले आणि अडचण समजावून सांगितली. गुण फक्त कायम स्वरूपाच्या दफ्तरावर देता येतात. कच्ची माती कायम नव्हे. वड्या आधी भाजून आणाव्यात.

मास्तर सूर्यभानकडे गेले. सूर्यभान म्हणाला, “भाजतो की. पर मडकी भाजायचा आवा पेटवायला बंदी हाय. त्येचा उजेड म्हनं दुश्मनाच्या इमानाला दिसतो.”

“मिरजगावात?”

“आमीबी त्येच इचारलं. तर म्हनले, दुश्मनाला काय ठावं, ह्ये मिरजगाव हाय म्हनून?”

तेव्हा आवा पेटवण्यासाठी परवाना हवा. मास्तर पुन्हा कर्जतला गेले. परवाना द्यायला काकासाहेबांची ना नव्हती, पण परवान्यालाही कागद नव्हता. त्यांनी मोठ्या उदारपणे तो मातीच्या वडीवर लिहून दिला आणि खाली तळटीप टोचली: ‘भाजल्याखेरीज ग्राह्य नाही.’

मास्तरांनी तळटिपेवर बोट ठेवले. “साहेब, हा भाजायला आवा पेटवावा लागेल.”

“अर्थात.”

“आणि आवा पेटवायला हा भाजलेला लागेल.”

“मास्तर,” काकासाहेब शांतपणे म्हणाले, “बाबिलोनचे लोक इतकी घाई करत नव्हते.”

मे महिन्याच्या उन्हाने वड्यांना तडे जाऊ लागले. दफ्तराला इजा होणे हा गुन्हा, म्हणून काकासाहेबांनी वड्या ओल्या ठेवण्याचा हुकूम काढला. त्यांचा पट्टेवाला गहिनीनाथ मोठा इमानी. तो सकाळ-संध्याकाळ घागरी ओतू लागला. तडे मिटले. पाठोपाठ अक्षरेही मिटली. पुढच्या खेपेला मास्तर गेले तेव्हा कोपऱ्यात गुळगुळीत चिखलाचा एक ढीग होता आणि गहिनीनाथ त्यावर अदबीने पाणी शिंपडत होता.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. काकासाहेब मुळीच डगमगले नाहीत. दफ्तर गहाळ झालेले नाही, वजनात उलट वाढलेच आहे, असे त्यांनी दाखवून दिले. फक्त सर्व विद्यार्थ्यांची उत्तरे एकजीव झाल्याने ढीग हा एकच उमेदवार धरावा लागेल, आणि तो पास की नापास ते ढीग भाजल्यावर ठरेल.

मास्तर परत आले ते तडक सूर्यभानच्या घरी. त्यांनी मुठीएवढी माती मागितली, वडी थापली आणि तिच्यावर लिहिले: ‘खातून गनीभाई पिंजारी, चौथी पास.’ खाली सही केली. सूर्यभानची बायको दगडाबाई पुढे झाली. तिने वडी चार दिवस उन्हात वाळवली आणि मग रोज भाकरी करताना चुलीच्या विस्तवात पुरून ठेवली. महिन्याअखेरीस वडी लाल झाली. टिचकी मारली की खणकन वाजे.

जून महिन्यात शाळा उघडायच्या दिवशी गनीभाई शब्दाला जागले. खातूनने वडी पदरात घेतली, गनीभाईंनी तिची वळकटी, आणि मास्तरांसह सगळे कर्जतला पोहोचले. शाळेच्या हेडमास्तरांनी वडी बघितली आणि खात्री करण्यासाठी त्यांना काकासाहेबांकडे पाठवले.

काकासाहेबांनी टिचकी मारली. “भाजलेली आहे.”

“होय,” मास्तर म्हणाले.

“परवाना?”

“आवा पेटवलाच नाही, साहेब. चुलीत भाजली.”

“म्हणजे विनापरवाना.” त्यांनी वडी अलगद टेबलावर ठेवली. “हा गुन्ह्याचा पुरावा आहे, मास्तर. हा इथेच राहील.”

“निदान वर काय लिहिलंय ते तरी वाचा.”

“पुरावा वाचायचा नसतो. जपायचा असतो.”

 खातूनने हळूच विचारले, “मास्तर, मी वाचून दावू का?” पण साहेबांनी तोवर दुसरे काम हाती घेतले होते. बाहेर येऊन गनीभाईंनी वळकटी पुन्हा खांद्यावर टाकली. ते रागावले नव्हते. “चला मास्तर,” ते म्हणाले, “दिस मावळायच्या आत पोचू.”

ती वडी पुढे काचेच्या कपाटात गेली. तिच्या राखणीला गहिनीनाथची नेमणूक झाली, आणि आता पाणी न घालण्याबद्दल त्याला वेगळा हुकूम मिळाला. खटला कधी उभा राहिला नाही, त्यामुळे पुरावा कधी परतही मिळाला नाही. येणारे-जाणारे हात पाठीमागे बांधून काचेसमोर उभे राहतात, प्राचीन लोकांच्या बुद्धीचे कौतुक करतात आणि पुढे सरकतात. कर्जतला गेलात तर तुम्हीही उभे राहाल. अक्षर सुरेख आहे.

खातून मिरजगावात गाद्या शिवते. तिचा टाका मास्तरांच्या शिकवणीसारखा, सरळ आणि पक्का. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत तिची गादी आहे, कदाचित तुमच्याही. त्या गादीवर तुम्हाला झोप छान लागते.