मेंढीच्या दुधातलं बिराप्पीन

अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणाला ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं. ही बढाई नाही, माझ्या पीएचडीचा विषय आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एनएमआर नावाचं मशीन आहे, म्हणजे माणसाएवढं उभं चुंबक. त्यात दुधाची नळी सोडली की दुधातल्या पदार्थांचे बारीक आवाज पडद्यावर शिखरांसारखे उमटतात. अडचण एकच, मशीनला कमी ऐकू येतं. अणूंचे गर्भ आत मेंढरांसारखे उभे असतात, निम्मे इकडे तोंड करून, निम्मे तिकडे, आणि एकमेकांचा आवाज मारून टाकतात. कणभर असलेल्या पदार्थाला कोण विचारतो? पण मी धनगराचा पोर. सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवली आणि आवाज हजारपट वाढला.

याला सहा वर्षं लागली. त्यातली निम्मी स्वप्नं बघण्यात गेली, हे कबूल. थंड नायट्रोजनची वाफ जमिनीवरून सरकत असते, आत हलकी घूं घूं चालू असते, आणि मला बसल्या जागी माळरान दिसायला लागतं. शेवटी माझ्या मार्गदर्शक उत्कर्षा मॅडमनी बजावलं.

"मल्हार, या महिन्यात समितीला काहीतरी सापडलेलं दाखवा. नाहीतर नोंदणी रद्द."

नोंदणी रद्द म्हणजे वडूजला परत. तिथे माझे चुलते, बिराप्पातात्या, माझ्यासाठी एक काठी राखून होतेच.

मी तात्यांच्याच कळपातलं दूध आणलं. मेंढीच्या दुधाच्या नळ्या मी भरायच्या, गाईच्या दुधाच्या धम्मपालनं, असं ठरलं. हा माझा सहकारी फार शिस्तीचा. प्रत्येक नळीला नवे हातमोजे. माझा मोज्यात हातच चालत नाही.

आणि सापडलं! मेंढीच्या दुधात एक अनोळखी पदार्थ, गाईच्या दुधात नावालाही नाही. दुसऱ्या दिवशी शिखर मोठं, तिसऱ्या दिवशी आणखी मोठं. मी त्याचं बारसंही केलं, बिराप्पीन. नायट्रोजनच्या धुक्यात मला पुस्तकाचं पान दिसायला लागलं. पानावर रेणू आणि रेणूखाली पटका बांधलेले तात्या.

तात्यांना फोन केला. "तात्या, आपल्या दुधात जगात कुठं न्हाई असं कायतरी हाय."

तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मला म्हाईत हुतं रं. पर मशीनलाबी कळलं, म्हंजे मशीन चांगलं हाय."

मी बोलून गेलो की हे कुठल्यातरी पाल्यातून येत असणार. झालं. आठ दिवस तात्या मेंढरांमागून टेकड्या पालथ्या घालत होते. मेंढी ज्याला तोंड लावेल ते स्वतः चाखायचे. चुलतीचा फोन आला, "आरं मल्हारी, तुजं चुलतं भाकरी सोडून पाला चगळत्यात. त्यास्नी समजाव की."

समितीच्या दिवशी तात्या फडक्यात सतरा प्रकारचा पाला बांधून प्रयोगशाळेच्या दारात हजर. समितीत तीन जण होते. त्यांनी आलेख बघितले, माना डोलावल्या. मग मॅडम सहज म्हणाल्या, "दूध न घालता, दूध ज्यात मिसळता ते नुसतं द्रावक भरून मोजलंत ना?"

नव्हतं मोजलं. स्वप्नात रिकामी नळी कोण बघतो?

"आत्ता मोजा," मॅडम म्हणाल्या.

जिवावरचा प्रसंग. मी नेहमीप्रमाणे खिशातली पुडी काढली, चिमूटभर भंडारा कपाळाला लावला, मनात बिरोबाचं नाव घेतलं आणि त्याच बोटांनी नळी भरून टोपण बसवलं.

पडद्यावर बिराप्पीन उगवलं. आजवरचं सगळ्यात उंच.

मॅडम माझ्या कपाळाकडे बघत होत्या. "हात दाखवा." मी दाखवला. "मल्हार, मी सांगलीची आहे. माझ्या वडिलांचं दुकान हळदीच्या पेठेत. ही हळद आहे."

धम्मपालनं मोजे घालून तशीच नळी भरली. रेघ सपाट. माझी काळजी जसजशी वाढली तसा भंडारा वाढला, आणि भंडाऱ्याबरोबर शिखर. मला रडू यायला लागलं. सहा वर्षं गेली होती आणि दारात तात्या पाला घेऊन उभे होते.

समितीतले वयस्कर गृहस्थ मात्र पडद्याला नाक लावून होते. "बोटाला लागलेली हळदसुद्धा याला ऐकू येते? मग पद्धत मंजूर. पदवी मिळेल. फक्त यापुढे नळ्या धम्मपाल भरतील."

"हळद निघाली व्हय?" तात्यांनी दारातून विचारलं.

"व्हय तात्या. भंडारा."

तात्यांचे डोळे भरून आले. "म्हंजे सोता देव उतरला हुता रं!" आणि कुणी अडवायच्या आधीच आत येऊन, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत त्यांनी कनवटीचा मूठभर भंडारा मशीनवर उधळला.

तीन आठवडे झाले. मेंढीचं दूध, गाईचं दूध, महाबळेश्वरचा मध, नुसतं पाणी, काहीही मोजलं तरी हळदच निघते. धम्मपाल रोज मशीन पुसतो आणि माझ्याशी बोलत नाही.

हे लिहायला बसण्याआधी मी साबणानं हात धुतले. भंडारा लावला होता, म्हणून धुतले.